कोल्हापुरात उद्यमनगरातलं मामांचं गॅरेज: पुढच्या चाकाचा प्ले (म्हणजे ढिलेपणा) नेमका कशातनं येतोय ते शोधून देतात

ज्यांची गाडी दहा-बारा वर्षांच्या पुढं गेलीय आणि पुढनं खडखड यायला लागलीय त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय. जरा मोठं होणार आहे, कारण मी एकाच कामाचे दोनदा पैसे भरलेत आणि दुसऱ्याला तसं भरायला लागू नये एवढंच वाटतंय.

माझी गाडी २००९ ची स्विफ्ट, पेट्रोल, जुनं १.३ चं इंजिन, एक लाख अडतीस हजार किलोमीटर झालेत. २०२४ ला पंधरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा आरटीओत दाखवून, पाच हजार फी भरून री-पासिंग करून घेतलं, वर ग्रीन टॅक्स वेगळा, म्हणजे अजून पाच वर्षं हीच गाडी वापरायची हे घरात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. इंजिन एकदम ठणठणीत आहे. त्रास सुरू झाला तो पुढच्या डाव्या चाकातनं. स्पीडब्रेकरवरनं हळू उतरलं की खालनं टक् असा एकच आवाज, खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याला खडखड, आणि हायवेला ऐंशीच्या वर गेलं की स्टेअरिंग अगदी जरासं भटकतंय असं वाटायचं. बायकोला जाणवत नव्हतं, मला जाणवत होतं, रोज चालवणाऱ्याला कळतंच ते.

पहिल्यांदा शहरातल्याच एका मोठ्या वर्कशॉपला नेली. नाव लिहीत नाही. तिथं लिफ्टवर घेतली, एका पोरानं चाक वर-खाली धरून हलवलं, हाताला टकटक लागलं, आणि दोन मिनिटांत निकाल, बेअरिंग (ज्याच्यावर चाक फिरतं ते) गेलंय. मी विचारलं दुसरं काही असू शकतं का, तर म्हणाला नाही सर, चाकाला प्ले म्हणजे बेअरिंगच. ३,९०० रुपये बिल झालं, संध्याकाळी गाडी मिळाली, आणि घरी येताना पहिल्याच स्पीडब्रेकरला तोच टक्. परत गेलो तर म्हणे नवीन पार्ट आहे, सेट व्हायला वेळ लागतो. बेअरिंगला सेट व्हायला कसला वेळ, पण तेव्हा मला एवढं कळत नव्हतं. हजारेक किलोमीटर झाले आणि आता साठच्या स्पीडला विमानासारखा घूंऽऽ आवाज सुरू झाला जो आधी नव्हताच. म्हणजे पैसे देऊन जुनं दुखणं तसंच आणि एक नवीन घेऊन आलो.

पुढच्या महिन्यात आईला घेऊन आंबा घाटातनं साखरप्याला मावशीकडं जायचं होतं, आणि असलं चाक घेऊन घाट उतरायची माझी तयारी नव्हती. शेजारचे रिक्षावाले काका म्हणाले उद्यमनगरात मामांकडं दाखवा, ते आधी बघतात आणि मग पाना लावतात. हे शेवटचं वाक्य ऐकूनच गेलो.

गॅरेजला बोर्ड नाही. उद्यमनगरात लेथ आणि प्रेसवाल्यांची जी ओळ आहे त्याच्या टोकाला, पत्र्याची शेड, गाडीखाली उतरून काम करायला एक खड्डा, गाडी टेकवायला दोन घोड्या, लिफ्ट वगैरे काही नाही. मामा साठीचे असतील, हाताखाली एक पोरगा. गाडी लावली तर चाकाकडं बघितलंच नाही, आधी मला विचारलं, "पावणं, आवाज कवा येतो ते सांगा. सरळ जाताना का वळताना? ब्रेक मारल्यावर का सोडल्यावर? गार असताना का गरम झाल्यावर?" मी सगळं सांगितलं. आधी कुठं काय केलं तेही सांगितलं. त्यावर त्या वर्कशॉपबद्दल एक शब्द वाईट बोलले नाहीत, फक्त "बघूया" म्हणाले आणि स्वतः चालवायला बसले.

रिकाम्या रस्त्याला साठपर्यंत नेली आणि मग स्टेअरिंग हलकंसं डावीकडं, मग उजवीकडं, असं दोन-तीनदा केलं. उजवीकडं दिलं की घूं वाढायचा, डावीकडं दिलं की दबायचा. मामा म्हणाले उजवीकडं वळताना वजन डाव्या चाकावर येतंय, म्हणजे आवाज डाव्या बेअरिंगचा. मग परत येऊन टायरवरनं तळहात फिरवला, कारण टायर लाटालाटासारखा झिजला असला तरी हुबेहूब असाच आवाज येतो आणि लोक उगाच बेअरिंग बदलून बसतात. टायर बरा होता.

आता पुढचं मी नीट बघितलंय आणि मला वाटतं प्रत्येक जुन्या गाडीवाल्यानं बघावं, म्हणून सविस्तर लिहितो. चाकाचे नट ढिले नाहीत ना ते सगळ्यात आधी पान्यानं बघितलं, कारण नट ढिला असला तरी चाक हलतंच. मग जॅक लावून, खाली घोडी देऊन चाक अधांतरी केलं. बारा आणि सहा वाजता हात धरून, म्हणजे एक हात वर एक हात खाली, चाक हलवलं. टकटक. इथपर्यंत आधीच्या वर्कशॉपनं पण केलेलं. पण मामांनी मला गाडीत बसवून ब्रेक दाबून धरायला लावला आणि परत तसंच हलवलं. टकटक तेवढीच. "बघा, बेअरिंगचा प्ले असता तर आता गेला असता." कारण साधं आहे, ब्रेक दाबला की पॅड डिस्कला पकडतात, डिस्क असते हबवर (चाक बसतं तो फिरणारा भाग) आणि पॅडचा कॅलिपर नकलवर (हबला धरणारा न फिरणारा भाग), म्हणजे हब आणि नकल एकमेकाला बांधले जातात आणि मधल्या बेअरिंगला हलायला जागाच राहत नाही. तरी चाक हलतंय म्हणजे प्ले त्याच्या बाहेर कुठंतरी आहे. एवढी एक साधी गोष्ट, एक माणूस ब्रेकवर बसवायचा, अर्ध्या मिनिटाचं काम, ते आधी केलं असतं तर माझे ३,९०० वाचले असते.

मग तीन आणि नऊ वाजता, म्हणजे डावी-उजवी बाजू धरून हलवलं. तिथं काही नाही. तरी गाडी खाली घेऊन पोराला स्टेअरिंग थोडं थोडं इकडं तिकडं करायला लावलं आणि स्वतः टाय रॉड एंडवर, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाकडं जोडतो त्या सांध्यावर, बोट ठेवून बसले, त्याच दांड्याचा आतला सांधा, रॅक एंड, पण वरच्या रबरी बेलोवरनं चाचपला. तिथं ढिलं असतं तर बोटाला टिकटिक लागते म्हणाले. नव्हतं. लिंक रॉड (वळताना गाडी कलू नये म्हणून असलेल्या बारचा दांडा) हातानं हलवून बघितला, तोही घट्ट. शॉकअपचा वरचा माउंट बॉनेट उघडून बघितला, हात ठेवून स्टेअरिंग फिरवायला लावलं, ठीक. मग परत चाक अधांतरी, पोरगा चाक हलवतोय आणि मामा खड्ड्यात टॉर्च घेऊन लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालनं धरणाऱ्या दांड्याच्या, टोकाकडं बघतायत. मला खाली बोलावलं. तिथल्या बॉल जॉइंटचं (आर्म आणि नकल जोडणारा गोल सांधा) रबर फाटलेलं, ग्रीस नाही, आत गंजाचं लाल पाणी, आणि चाक हललं की जॉइंटचा दांडा आपल्या वाटीत स्पष्ट वर-खाली होताना दिसतोय. आर्मखाली पहार घालून जरा उचकटलं तर टक्. तोच टक्! दोन महिने जो आवाज मी ऐकत होतो तो बरोबर तिथनं येताना डोळ्यांनी बघितला.

हा बॉल जॉइंट निखळला तर चाक खालनं बाहेर फाकतं आणि गाडी तिथंच बसते, स्टेअरिंग हातात नुसतं राहतं. घाटात काय झालं असतं याचा विचार अजून येतो.

मग घूंचं काय? चाक हातानं फिरवत मामांनी दुसरा हात पुढच्या स्प्रिंगवर ठेवला, मलाही ठेवायला लावला. डाव्या बाजूला स्प्रिंगमध्ये बारीक खरखर जाणवत होती, उजव्या बाजूला काहीच नाही. म्हणजे बेअरिंगला प्ले नाही पण खराब आहे, हजार किलोमीटरचं नवीन बेअरिंग. मामा म्हणाले बहुतेक प्रेस मारताना, म्हणजे मशीननं दाबून बसवताना, चूक झालीय, पण छातीठोक सांगणार नाही. या गाडीचं बेअरिंग नकलमध्ये प्रेसनं बसतं. नकलमध्ये बसवताना दाब बाहेरच्या रेसवर (बेअरिंगच्या कडीवर) द्यायचा आणि हब आत घालताना आतल्या रेसला खालनं आधार द्यायचा, उलटं झालं की सगळा दाब गोळ्यांमधनं जातो आणि रेसवर बारीक खड्डे पडतात. हातानं फिरवलं तर कळत नाही, काही दिवसांनी वाजायला लागतं.

माझ्याकडं डिकीत पहिलं काढलेलं जुनं बेअरिंग होतं, मी ते दाखवलं, हे खरंच गेलेलं का सांगा. मामांनी फिरवून बघितलं आणि परत दिलं. म्हणाले, "प्रेसनं उपसून काढलेलं बेअरिंग असंही खराब होतंयच, आता ह्याच्यावरनं मी काय सांगू? काढायच्या आधीच कळाय पायजे." मला ही गोष्ट फार आवडली. गेलेलं नव्हतंच, तुम्हाला फसवलं, असं म्हणून माझी मर्जी राखणं त्यांना सोपं होतं.

कामाला दोन दिवस गेले. नुसता बॉल जॉइंट बदलायचा का अख्खा लोअर आर्म, असं विचारलं आणि दोन्हीचा फरक सांगितला. बाहेर नुसता बॉल जॉइंट मिळतो, स्वस्त पडतो, पण माझ्या आर्मचा मागचा बुश (रबरी सांधा) पण चिरलेला होता म्हणून अख्खा आर्म घेतला, कंपनीचा. बेअरिंगचं काम शेजारच्याच प्रेसवर, मामा स्वतः उभे राहून. आतली रेस हबवर अडकून राहिली होती ती पुलरनं काढली, गॅसनं तापवून हातोडा मारणं नाही. हबचा भाग बोटानं आणि व्हर्नियरनं तपासला, तो घासलेला असता तर नवीन बेअरिंगही टिकलं नसतं. एक्सलचा नट नवीनच लावला, टॉर्क रेंचनं ओढला आणि पंचनं ठोकून लॉक केला. तो टॉर्क रेंच कापडात गुंडाळून कपाटात ठेवतात. आर्मचे बोल्ट आधी हलके लावले, गाडी खाली उतरवून चाकांवर वजन आल्यावर मगच फायनल टाइट, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो म्हणे. ज्यांच्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, काही गाड्यांच्या बेअरिंगला एका बाजूला सेन्सरसाठी चुंबकी पट्टी असते, ते उलटं बसलं की मीटरवर लाइट लागते, परत सगळं उघडायला लागतं. हेही मामांनीच सांगितलं.

उजव्या बाजूचा बॉल जॉइंट पण बदलून टाका म्हणालो, जोडीनंच करूया. नको म्हणाले. रबर शाबूत आहे, ढिला नाही, पाच हजार किलोमीटरनं परत दाखवा.

खर्च सांगतो. आधी नुसतं तपासायचे २०० रुपये वेगळे घेतले, आणि काम तिथंच केलं तरी ते कमी केले नाहीत. मला ते अगदी बरोबर वाटलं. पाऊण तास त्या माणसानं डोकं आणि हात लावलेत, आणि खरं कसब तिथंच आहे, पाना तर पोरगा पण फिरवतो. आर्म १,८५०, बेअरिंग १,४५०, नट वगैरे किरकोळ १२०, प्रेसचे ३००, मजुरी १,२००. अलाइनमेंटचं, म्हणजे चाकं सरळ रेषेत लावायचं, मशीन त्यांच्याकडं नाही, टायरवाल्याकडं पाठवतात, तिथं ४०० गेले. आर्म बदलल्यावर अलाइनमेंट सोडू नका, नाहीतर दोन महिन्यांत टायर एका बाजूनं खाल्ला जातो.

त्रास काय आहेत तेही लिहितो. बसायला जागा नाही, एक लाकडी बाकडं आणि तेही उन्हात. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी येतं त्यामुळं खालची कामं लांबतात. बिल वहीच्या कागदावर, जीएसटी बिल पाहिजे असेल तर पार्ट तुम्ही स्वतः आणून द्यायचे. फोन दिवसा उचलतच नाहीत, संध्याकाळी सातनंतर लागतो. आणि एका वेळी एकच गाडी घेतात, त्यामुळं मला पहिल्यांदा चार दिवस थांबायला लागलं, दुसऱ्या दिवशी मिळणार म्हटलेली गाडी अर्धा दिवस उशिरा मिळाली आणि तोही निरोप मला जाऊनच कळला. घाईतल्या माणसाला हे जमणार नाही. इलेक्ट्रिकचं आणि एसीचं काम करत नाहीत, सरळ सांगतात दुसरीकडं जा.

काम होऊन आता तीन हजार किलोमीटर झालेत. आंबा घाट दोनदा उतरलो, आई मागं झोपून आली. टक् नाही, घूं नाही, ऐंशीला स्टेअरिंग सरळ. पाचातले साडेचार देतो, अर्धा फक्त त्या निरोप न देण्याचा कापला.

जायचं असेल तर सकाळी साडेनऊच्या आत जा, आणि आवाज कधी, कुठं, किती स्पीडला येतो ते आधी दोन दिवस नीट ऐकून जा, कारण पहिला प्रश्न तोच विचारणार आहेत.