कंपनीच्या टेपला बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिलमध्ये मी माझ्या हॅचबॅकमधल्या कंपनीच्या टेपला चार चॅनेलचा (चार स्पीकरना वेगवेगळा सिग्नल पुरवणारा) अ‍ॅम्प्लिफायर जोडून घेतला. पुण्यातले रोजचे येणे-जाणे, महिन्यातून एकदा कोल्हापूरची फेरी आणि एक अख्खा पावसाळा, एवढ्या वापरानंतर हा अनुभव लिहीत आहे. टेप बदलायचा नाही हे आधीच ठरले होते, कारण रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणे त्यालाच जोडलेली आहेत.

त्याआधी पुढच्या दारांत प्रत्येकी 60 वॉट आरएमएसचे (म्हणजे सलग तेवढी ताकद पेलणारे) स्पीकर बसवून पाहिले होते, पण फरक जेमतेम जाणवला. टेपवर ‘50 वॉट गुणिले 4’ असे छापलेले असते खरे, पण तो क्षणभराचा कमाल आकडा असतो. आतल्या लहानशा आयसीकडून (चिपकडून) 4 ओहमच्या स्पीकरला सलग मिळतात ते 15 ते 20 वॉट. त्यापुढे आवाज वाढवला की लहरींचे माथे कापले जातात आणि तार सप्तकातला स्वर कानाला टोचू लागतो.

नवा अ‍ॅम्प्लिफायर क्लास डी प्रकारचा (कमी वीज वाया घालवून कमी तापणारा), प्रत्येक चॅनेलला 50 वॉट आरएमएस देणारा आहे. टेपला आरसीए आउटपुट (बाहेर सिग्नल देणारी वेगळी जोडणी) नसल्यामुळे स्पीकरच्या वायरींतूनच सिग्नल घेतला, आणि त्यासाठी मूळ वायरिंग न कापता कपलर (मूळ प्लगमध्ये बसणारा जोड) वापरला. अ‍ॅम्प्लिफायरला 14 हजार, वायर आणि फ्यूजला साडेतीन हजार आणि मजुरीला 2 हजार रुपये लागले.

आवाज मोठा झाला, पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो स्पष्टपणा. सातारा रस्त्यावर ताशी 80-90 च्या वेगात टायरांची घरघर चालू असतानाही तानपुऱ्याची जवार ऐकू येते, आणि डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड सुरुवातीपासून शेवटपर्यंत कानात उतरते. पूर्वी तिथे नुसती धप् ऐकू यायची. दारातल्या स्पीकरांवर खर्जाचा अनावश्यक भार येऊ नये म्हणून हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या पातळीखालचा खर्ज अडवणारी सोय) 70 हर्ट्झवर ठेवला आहे.

मात्र पहिले पाच महिने हे सुख निर्भेळ नव्हते, आणि दोष अ‍ॅम्प्लिफायरचा नसून जोडणीचा होता. पहिल्याच दिवसापासून अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जायची. अर्थिंगची वायर सीटच्या बोल्टला, रंगावरच आवळलेली निघाली. बाजूचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासून तिथे अर्थिंग घेतल्यावर ती शिट्टी थांबली.

दुसरा प्रकार गणपतीत उघडकीस आला. कोकणात गावी गाडी पाच दिवस उभी होती आणि निघायच्या सकाळी सेल्फ फिरेना; शेजाऱ्यांच्या जीपवरून केबल लावून गाडी चालू करावी लागली. पुण्यात परतल्यावर मल्टिमीटर लावून पाहिले, तर चावी काढलेली असतानाही 0.4 अँपिअर करंट वाहत होता. अ‍ॅम्प्लिफायरला जागे करणारी रिमोट वायर दुकानदाराने थेट बॅटरीच्या चालू लाइनला जोडल्यामुळे तो कधी झोपतच नव्हता. या हिशेबाने 35 अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी होते; रोज गाडी चालत असल्यामुळे ते लक्षात आले नव्हते. ती वायर चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनवर घेतल्यानंतर आकडा 0.03 वर आला.

त्याच वेळी मुख्य वायरही तपासली. ब्लेडने एक तार खरवडली, तर वरच्या तांबूस थराखाली पांढरे अ‍ॅल्युमिनियम चमकले; त्यातून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.1 व्होल्ट आणि आवाज वाढवला की अ‍ॅम्प्लिफायरपाशी 13.2 व्होल्ट, अशी घट होती. त्याच जाडीची अस्सल तांब्याची वायर ओढल्यावर तिथे 13.7 व्होल्ट मिळू लागले. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच बसवून घेतला आहे. तो अ‍ॅम्प्लिफायरपाशी बसवला, तर मधल्या वायरला कुठे घासून शॉर्ट झाल्यास तिला काहीच संरक्षण उरत नाही, म्हणून या बाबतीत कोणाचेही ऐकू नये असे मी आग्रहाने सांगेन.

गेन (टेपकडून येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) म्हणजे आवाजाचे बटण नव्हे, हेही इथेच शिकलो. स्पीकर सोडवून, शुद्ध 1 किलोहर्ट्झचा सूर वाजवून, टेपचा आवाज 30 पैकी 22 वर ठेवला आणि आउटपुट 14 व्होल्ट होईपर्यंतच गेन चढवला. 4 ओहमवर 50 वॉटचा हिशेब तेवढाच येतो. दुकानात तो जवळजवळ पूर्ण फिरवलेला होता.

पावसाळ्यात ओल्या चपलांचे पाणी गालिच्याखाली झिरपते, म्हणून सीटखालचा अ‍ॅम्प्लिफायर दोन इंच उंचीच्या लाकडी पट्ट्यांवर बसवून घेतला. उन्हाळ्यातही तो तापून बंद पडला नाही.

एक उणीव मात्र कायम आहे. माझा टेप 22 च्या पुढे स्वतःच खर्ज कमी करतो. मूळच्या कागदी स्पीकरांना जपण्यासाठी कंपनीने केलेली ती तरतूद आहे, आणि सिग्नलच तसा कापलेला येत असल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायर तो भरून काढू शकत नाही. त्यावर डीएसपी (सिग्नल दुरुस्त करणारे वेगळे उपकरण) हा उपाय आहे, पण मी 22 च्या पुढे क्वचितच जातो, त्यामुळे तो खर्च सध्या केलेला नाही.