अ‍ॅडासवाला टॉप व्हेरिएंट की बटणांवाला मधला? दोन्ही चालवून झाल्यावर

गेल्या दोन महिन्यांत ओळखीतल्या तिघांनी एकच प्रश्न विचारला, की गाडी घ्यायचीय, अ‍ॅडासवाला टॉप घेऊ की त्याच्या खालचा, दोन-सव्वादोन लाखांचा फरक पडतोय. अ‍ॅडास म्हणजे कॅमेरा आणि रडारनं रस्ता बघून ब्रेक, स्पीड आणि स्टिअरिंग सांभाळायला मदत करणारी सिस्टीम. प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास तेच सांगत बसलो, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. लेव्हल 2 म्हणजे काय, रडार कुठं असतं, एअरबॅग किती, हे तुम्ही बघून ठेवलेलं असणार, त्यात जात नाही.

मी नाशिकला असतो, महिन्यातनं चार-पाच वेळा पुणे नाहीतर ठाणे होतंच. मेहुणा कामानिमित्त सहा महिने दुबईला गेला तेव्हा त्याची टॉप मॉडेल गाडी माझ्याकडे होती, उभी राहून बॅटरी बसायला नको म्हणून. जून ते नोव्हेंबर, म्हणजे अख्खा पावसाळा आणि पुढं उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर यायला लागेपर्यंत मी तीच चालवली. नंतर माझी घ्यायची वेळ आली तेव्हा तशाच गाडीचा मधला व्हेरिएंट घेतला, अ‍ॅडास नसलेला, एसीला गोल नॉब असलेला. त्यालाही आता वर्ष होत आलंय. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण थोड्याफार फरकानं हे बऱ्याच गाड्यांना लागू आहे असं मला वाटतं.

आधी टॉपच्या बाजूनं बोलतो, कारण तिचे उपकार आहेत. समृद्धीवर अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझसारखं सुख नाही. 701 किलोमीटरचा रस्ता, 120 ची लिमिट, वळणं नावालाच, आणि त्या सरळपणामुळंच तिथं तंद्री लागते, डोळे उघडे असतात पण माणूस बघत नसतो. सिन्नरकडून चढून नागपूरला गेलो तेव्हा गाडी पुढच्या ट्रकमागं आपोआप हळू व्हायची, ट्रक बाजूला झाला की परत स्पीड घ्यायची, आणि नागपूरला उतरलो तेव्हा उजवा पाय अजिबात आखडला नव्हता. आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात, म्हणजे ब्लाइंड स्पॉटमध्ये गाडी आली की आरशावर लागणारा पिवळा दिवाही मला फार आवडला, टँकरच्या बाजूला घुटमळणारी वॅगनआर दोनदा त्यानंच दाखवली. सोसायटीच्या गेटमधनं रिव्हर्स घेताना आडवी येणारी स्कूटर मला दिसायच्या आधी गाडीला कळायची, हे तर मी आजही मिस करतो.

आता एक गोष्ट सांगतो जी घरीही लगेच सांगितली नव्हती. त्याच समृद्धीवर परत येताना क्रूझ लावलेलं होतं, रस्ता मोकळा होता, मांडीवरचा फोन वाजला आणि मी मेसेज वाचायला खाली बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येणार नाही, दोन ओळींचा मेसेज होता. एकदम कर्कश बीप, समोर लाल अक्षरं, आणि गाडीनं स्वतःहून असा ब्रेक मारला की फोन मांडीवरनं घसरून पेडलजवळ गेला. पुढं टोमॅटोचे क्रेट भरलेला पिकअप होता, टेललाइट एकच चालू, साठच्या आसपास चाललेला. मागचा जाळीचा पडदा आणि त्यातनं दिसणारे क्रेट अजून डोळ्यासमोर आहेत. त्या दिवशी ती सिस्टीम नसती तर काय झालं असतं याचा विचार मी टाळतो.

एवढं ऐकून कुणीही म्हणेल की मग टॉपच घ्यावी. मीही घरी येऊन हेच म्हणालो. पण नंतर आठवडाभर एक प्रश्न डोक्यातनं जाईना, की माझ्या जुन्या, बारा वर्षं चालवलेल्या गाडीत मी हायवेला फोन मांडीवर कधीच ठेवत नव्हतो, मग या गाडीत का ठेवायला लागलो? उत्तर सोपं होतं. गाडी बघतेय ना, हे मनात बसलं होतं. क्रूझ लावलं की पाय मोकळा, लेन असिस्ट (गाडीला पट्ट्यांच्या आत ठेवायला स्टिअरिंग वळवणारा) लावला की हात ढिले, आणि मोकळा झालेला माणूस फोनकडेच वळतो, निदान मी तरी वळलो. स्टिअरिंगवरचे हात काढले की काही सेकंदांनी ती ओरडते, पण माझं लक्ष कुठं आहे हे तिला कळत नव्हतं, हात ठेवलेला असला की तिचं समाधान. काही नव्या गाड्यांत डोळ्यांवर नजर ठेवणारा कॅमेरा येतो, आणि युरोपात जुलै 2026 पासून सगळ्या नव्या गाड्यांत लक्ष विचलित झाल्याची वॉर्निंग बंधनकारक आहे. मेहुण्याच्या गाडीत तसलं काही नव्हतं.

तरीही फक्त एवढ्यावर मी टॉप सोडली नसती, फोन मागच्या सीटवर टाकला असता आणि गाडी घेतली असती. सोडली ती एका रोजच्या त्रासामुळं, आणि इतरांना तो कदाचित किरकोळ वाटेल.

लेन असिस्ट. आपल्याकडं खड्डा चुकवताना कोण इंडिकेटर देतं? नाशिक-पुणे रोडला कुठं खड्डा, कुठं कडेला मेंढरं, कुठं उलट्या बाजूनं येणारी मोटरसायकल, तुम्ही जरा उजवीकडं घेता आणि स्टिअरिंग तुम्हाला परत डावीकडं ढकलतं. जोर फार नसतो, मनगटानं सहज मोडता येतो, पण ज्या क्षणी तुम्ही वाट काढताय त्याच क्षणी कुणीतरी हात धरल्यासारखं वाटतं. ठाण्याच्या रस्त्याला वडपे ते माजिवडा रुंदीकरण चालू होतं तिथं तर जुने पांढरे पट्टे अर्धवट खरवडलेले आणि नवे तिरके, गाडी कधी या पट्ट्याला मानायची कधी त्या. मग साहजिकच मी तो बंद करायला लागलो. आणि तो बंद करायला स्टिअरिंगवर बटण नव्हतं. स्क्रीनवर सेटिंग, मग व्हेइकल, मग सेफ्टी, मग खाली स्क्रोल, मग टिक काढायची, वर ‘खात्री आहे का’ म्हणून विचारणार. गाडी बंद करून परत चालू केली की टिक परत आलेली! चहाला थांबलो, परत तेच. डिझेल भरलं, परत तेच. बऱ्याचदा विसरायचो, मग गाडी रस्त्याला लागल्यावर स्टिअरिंगनं पहिला धक्का दिला की आठवायचं, आणि चालत्या गाडीत मेनू उघडायचो.

जुलैत एका संध्याकाळी इगतपुरीजवळ धो-धो पाऊस, वायपर फुल स्पीडला, आणि आतनं काचेवर वाफ धरली. चौघं गाडीत, सगळ्यांचे कपडे ओले. या गाडीत हवा काचेवर सोडायची तर स्क्रीनवर खालच्या पट्टीत एसीचं चिन्ह, ते उघडलं की मधे डिफॉगरचं छोटं चौकोनी बटण. बोट ओलं, पहिल्यांदा लागलंच नाही, दुसऱ्यांदा बाजूचं दाबलं गेलं आणि पंखा पायाकडं वळला, काच आणखी धूसर झाली. त्याच वेळी पाण्यात पट्टा दिसेनासा झालेला, कॅमेऱ्यानं ‘तात्पुरतं उपलब्ध नाही’ असा मेसेज नेमका त्या पट्टीवरच आणला. बायको म्हणाली, “अहो, तुम्ही समोर बघा, मी करते.” तिनं चष्मा वर करून शोधून दाबलं. सत्तरच्या आसपास स्पीड होता, म्हणजे सेकंदाला 20 मीटरच्या जवळपास, आणि मी मधूनमधून मिळून सहा-सात सेकंद तरी स्क्रीनकडं बघत होतो. शंभराहून जास्त मीटर, पावसात, धूसर काचेतनं.

माझ्या आताच्या गाडीत तीन नॉब आहेत. डावीकडचा अंगठ्यानं शेवटपर्यंत फिरवला की टक् असा आवाज येतो, हवा काचेवर. डोळे समोरच. मला हे एक कारणही पुरलं असतं.

हे फक्त माझंच रडगाणं आहे असं नाही बरं का. स्वीडनमधल्या एका गाड्यांच्या मासिकानं 2022 मध्ये 110 च्या स्पीडला वेगवेगळ्या गाड्यांत तीच चार कामं करून बघितली होती, रेडिओ लावणं, टेंपरेचर बदलणं अशी. 2005 ची बटणांवाली जुनी व्होल्वो 10 सेकंदांत मोकळी झाली, आणि नव्यांतल्या सगळ्यात वाईट गाडीला 44 सेकंदांच्या वर लागले. गाड्यांना सेफ्टीचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपनं पण 2026 पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि इमर्जन्सी कॉल यांना सरळ हाताला लागणारी कंट्रोल्स असतील तरच पूर्ण मार्क द्यायचं ठरवलं. आपल्याकडं मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर हातात फोन धरून चालवणं कलम 184 खाली धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं, आणि ते योग्यच आहे, पण त्यात नाव हातातल्या उपकरणाचं आहे, डॅशबोर्डवरच्या स्क्रीनचं नाही. माझ्या अनुभवात दोन्हींकडं बघताना रस्ता सारखाच सुटतो.

मधल्या व्हेरिएंटचं सगळं गोड आहे असंही नाही. नागपूरला परत एकदा गेलो तेव्हा कंबर आणि पाय दोन्ही बोलत होते, साधं क्रूझ आहे पण ट्रकमागं दर वेळी ब्रेक मारून परत सेट करायचं म्हणजे वैताग. आणि चाकणच्या ट्रॅफिकमध्ये एकदा मी डावीकडचा बोर्ड वाचत होतो, पुढचा थांबला, मी वीतभर अंतरावर थांबलो. तिथं ऑटो ब्रेक असता तर निदान आधी ओरडला असता. तो एक भाग वेगळा विकत मिळत असता, नुसता ऑटो ब्रेक आणि ब्लाइंड स्पॉट, तर मी आनंदानं पैसे मोजले असते. पण पॅकेज सगळं एकत्र येतं, मोठी स्क्रीन घेतल्याशिवाय रडार नाही.

रात्रीच्या उसाच्या ट्रॉल्यांचं विचारू नका, तिथं मी कुठल्याच सिस्टीमवर विसंबणार नाही. संगमनेरपासून नारायणगावपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, उसाची वाढी बाहेर लोंबत असतात, अंधारात तो आकार गाडीसारखा दिसतच नाही. मेहुण्याची गाडी एकदा त्याच्यावर लवकर बोलली, एकदा मी ब्रेक मारून झाल्यावर बोलली. दोनच वेळा झालं, त्यावरनं मोठं काही म्हणणार नाही, पण तेव्हापासून त्या पट्ट्यात रात्री मी साठच्या वर जात नाही.

अजून एक खर्च कुणी सांगत नाही. कॅमेरा पुढच्या काचेला असतो, तेव्हा दगड लागून काच बदलली की तो परत कॅलिब्रेट करावा, म्हणजे मोजून नेमका जुळवावा लागतो. मेहुण्याच्या काचेला सिन्नरजवळ डंपरचा खडा लागला, नवी काच दोन दिवसांत बसली आणि कॅलिब्रेशनसाठी गाडी आणखी आठवडाभर वर्कशॉपमध्ये उभी. इन्शुरन्स घेताना हे विचारून घ्या.

तर मग काय घ्यायचं? तुमचं रनिंग मुख्यतः समृद्धी किंवा एक्स्प्रेसवेचं असेल, एकट्यानं लांब जात असाल, आणि लेन असिस्टला स्टिअरिंगवर वेगळं बटण व एसीला नॉब असलेली अ‍ॅडासवाली गाडी मिळत असेल (आहेत अशा काही), तर टॉप घ्या, मी अडवणार नाही. माझ्यासारखं निम्मं रनिंग जुन्या हायवेवर, घाटात आणि गावांतनं असेल तर मला मधलाच बरा वाटतो. वाचलेल्या पैशांतनं मी चांगले टायर टाकले, पुढं-मागं डॅशकॅम लावला, आणि फोन गाडीत बसल्यावर ग्लव्ह बॉक्समध्ये जातो, नकाशा आवाजावर. घरच्यांना सांगून ठेवलंय, अर्जंट असेल तर सलग दोनदा फोन करा, मी पुढच्या पंपावर थांबून उचलतो.

आणि टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाले गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटं फिरवून आणतात, त्यावर समाधान मानू नका. तासभर मागा, आपल्या रोजच्या रस्त्यानं न्या, शक्य असेल तर पावसात. सेल्समनला बाजूला बसवा आणि चालत्या गाडीत दोनच कामं त्याला करायला सांगा, लेन असिस्ट बंद करणं आणि हवा काचेवर सोडणं. त्याची नजर स्क्रीनवर किती वेळ राहते ते मोजा.