गृहउद्योगासाठी पैसे भरून जाहिरात: संक्रांतीपासून दिवाळीपर्यंत वापरून आलेला अनुभव

जाहिरातीचा अनुभव विचारायला मला फोन करणाऱ्यांना आधी निकाल ऐकायचा असतो, म्हणून तो आधी सांगते. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे भरून केलेली जाहिरात आम्हाला लागू पडली, पण सुरत आणि पिंपरी-चिंचवडमध्ये. अमळनेर, चोपडा, धरणगाव, पारोळा या जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या स्वतःच्या पट्ट्यात ती जवळजवळ वाया गेली. जिथे लागू पडली तिथेही पहिल्या पार्सलवर हातात काही राहिलं नाही. जे राहिलं ते दुसऱ्या पार्सलपासून. त्यामुळे "जाहिरातीतून किती ऑर्डरी आल्या?" यापेक्षा "त्यातले किती जण परत आले?" हे विचारा. आमचा सगळा हिशेब तिथेच फिरला.

आम्ही म्हणजे मी, सासूबाई, जाऊबाई आणि हंगामात हाताखाली येणाऱ्या गल्लीतल्या आठ-दहा बायका. माल म्हणजे बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कुरडया, आणि वर्षभर कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ व काळा मसाला. बिबड्याचं काम किती किचकट असतं ते खान्देशातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. दादर ज्वारी भिजवायची, आंबवायची, वाळवून भरडायची, मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, तीळ, जिरं, लसूण, तिखट घालून गरम गरम ओल्या कापडावर थापायचं आणि उन्हात टाकायचं. हे संक्रांतीनंतर सुरू होतं आणि पावसाच्या आधी आवरावं लागतं. माल चार महिन्यांत होतो, विकायचा मात्र बारा महिने. ज्वारी खरेदी आणि मजुरी यांत पैसा अडकलेला असतो, त्याच महिन्यांत जाहिरातीचाही खर्च उभा राहतो. छोट्या धंद्याला हा ताण फार जाणवतो.

सुरुवात छापील पत्रकांपासून केली. वर्तमानपत्रात घालून गावात वाटली. ग्राहक मोजकेच आले, पण "ताई, लाटायला बाई लागते का?" असे बरेच फोन आले. त्यातल्या दोघी आज आमच्याकडे आहेत आणि त्यांच्या हातचा बिबडा सासूबाईंनाही पसंत आहे. पत्रकाचा तेवढा उपयोग झाला.

मग मोबाईलवरच्या जाहिराती. फेसबुक पेजवरच्या पोस्टखाली "बूस्ट" असतं, म्हणजे पैसे भरून तीच पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं बटण, तिथून बहुतेकजण सुरू करतात, आम्हीही केलं. लाइक भरपूर आले. यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी: ही यंत्रणा तुम्ही जे मागाल तेच शोधून आणते. लाइक मागितले तर लाइक करणारी माणसं दाखवते, मेसेज मागितले तर मेसेज करणारी. म्हणून जाहिरात "अ‍ॅड्स मॅनेजर"मधून करा आणि उद्देश म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद निवडा. जाहिरातीवर बोट ठेवलं की ग्राहक थेट आपल्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर येतो. ते अ‍ॅप फुकट आहे, कॅटलॉग आणि तयार उत्तरं त्यात ठेवता येतात.

तसं करून आम्ही जाहिरात कुठे दाखवायची त्या नकाशावर गावाभोवती चाळीस किलोमीटरचं वर्तुळ टाकलं. मेसेज स्वस्त पडले, सहा-सात रुपयांना एक. आकडा बघून घरात सगळ्यांना बरं वाटलं. पण मेसेज काय होते? "किलोचा भाव काय?" आणि भाव सांगितल्यावर "एवढे? आमच्या घरी आईच करते." खरंच आहे ते! आमच्या पट्ट्यात चैत्रात कुठल्याही गच्चीवर चढा, वाळवणच दिसेल. ज्याच्या घरात डबा भरलेला आहे त्याला जाहिरात दाखवून काय होणार? ज्यांना विकतच घ्यायचे असतात ते आम्हाला आधीपासून ओळखतात, सासूबाईंना नावाने हाक मारून घेऊन जातात. स्वस्त मेसेज म्हणजे स्वस्त ग्राहक नव्हे, हे या पट्ट्याने शिकवलं.

सुरतेचं सुचवलं नणंदेने. ती उधन्याला असते. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, उधना या भागांत खान्देशी माणूस इतका आहे की भाजीवाल्याशीही अहिराणीत बोलता येतं. अमळनेरहून ताप्ती लाइनची गाडी नंदुरबार-नवापूरवरून सरळ उधन्याला जाते. कित्येक पिढ्या त्याच वाटेने कामाला गेल्या. तिथली माणसं बिबड्याची चव विसरलेली नाहीत, पण लूमच्या (यंत्रमागाच्या) बारा तासांच्या पाळीत आणि दोन खोल्यांच्या घरात वाळवण घालायला ना वेळ ना गच्ची. आम्ही त्या भागावर पिन टाकली, वर्तुळ लहान ठेवलं आणि रोजचे दीडशे रुपये लावले.

इथे भाषेचा मोठा हात आहे. फेसबुकमध्ये "मराठी भाषा" असा पर्याय निवडता येतो, पण तो माणसाने अ‍ॅप कोणत्या भाषेत ठेवलंय मुख्यतः त्यावर चालतो आणि बऱ्याच जणांचं अ‍ॅप इंग्रजीतच असतं. म्हणून तो पर्याय आम्ही सोडला आणि काम व्हिडिओवर टाकलं. जाऊबाई कापडावर घाटा थापता थापता अहिराणीत बोलतात, मागे संगीत नाही, फक्त त्यांच्या बांगड्यांचा आणि थापण्याचा आवाज. "माहेरना बिबडा" एवढंच वर लिहिलं. ज्याला अहिराणी कळत नाही तो पुढे सरकतो, ज्याला कळते तो थांबतो. याआधी डिझायनरकडून करून घेतलेलं, शुद्ध मराठीतलं, सोनेरी अक्षरांचं चित्र या व्हिडिओपुढे काहीच चाललं नाही. सुरतेहून पहिला मेसेज आला, "लसूणना बिबडा भेटतीन का?" त्या दिवशी जाऊबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता पैशांचा हिशेब, कारण हा कुणी उघड मांडत नाही.

सुरतेत एक मेसेज साधारण सोळा रुपयांना पडला. जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आमच्यासारख्या नोंदणी नसलेल्यांना तो परत मिळत नाही, म्हणजे मेसेज एकोणीस रुपयांचा झाला. दहा-अकरा मेसेजमागे एक ऑर्डर. म्हणजे एक ग्राहक मिळवायला दोनशेच्या आसपास खर्च. दोन किलोचा खोका आम्ही घरपोच ८५० रुपयांना देतो. दादर, मसाला, गॅस, बायकांची मजुरी, खोका, कुरिअर हे सगळं वजा केलं की दोनशे वीसच्या आसपास राहतात. म्हणजे पहिल्या खोक्यातून जाहिरातीचे पैसे निघाले आणि चहापाण्याचे वीस रुपये हाती आले. सासूबाई म्हणाल्या, "मग एवढी धावपळ कशासाठी?" त्यांचा प्रश्न बरोबर होता.

उत्तर पावसाळ्यात मिळालं. साधारण दर तीन ग्राहकांमागे एकीने परत मागवलं, आणि त्या खोक्याला जाहिरातीचा एक रुपयाही लागला नाही. काहींनी इमारतीतल्या भिशीच्या ग्रुपवर आमचा नंबर टाकला. म्हणून आता मी पहिला खोका दुसऱ्यासाठीच भरते. बिबडे मध्ये कागद घालून रचायचे, खोका हलवून बघायचा, आवाज आला तर पुन्हा भरायचा. वर हाताने लिहिलेली चिठ्ठी, त्यात नंबर. बिबडा हा नाजूक माल. चुरा होऊन पोचला तर दोनशे रुपये देऊन आणलेला ग्राहक कायमचा गेला. एका वाहतूकवाल्याकडून असे काही खोके चुरा होऊन पोचले, तेव्हा आम्ही न मागता दुसरे पाठवले. जाहिरातीच्या खर्चात हाही खर्च धरा.

वेळेचंही तसंच. पाळी सुटल्यावर, रात्री नऊनंतर मेसेज येतात. सकाळी उत्तर दिलं तर माणूस निवलेला असतो. आमच्याकडे रात्री साडेदहापर्यंत कुणीतरी फोन घेऊन बसतंच, मुलांचा अभ्यास घेता घेता.

पिंपरी-चिंचवडमध्ये मेसेज महाग, पंचवीसच्या घरात. ही जाहिरात लिलावाने विकली जाते आणि मोठ्या शहरात बोली लावणारे जास्त, म्हणून भाव चढतो. तरीही आमचा हिशेब तिथे जास्त चांगला बसला, आणि त्याचं कारण जाहिरातीत नाही, करात आहे. पापडावर जीएसटी शून्य आहे, म्हणून सुरतेला तेवढाच माल जातो. मसाला आणि पाकीटबंद पीठ मात्र करपात्र. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी घ्यावीच लागते. त्यामुळे कळण्याचं पीठ आणि काळा मसाला आम्ही फक्त महाराष्ट्रात देतो. पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरी-चिखलीचा ग्राहक खोक्यात बिबड्यांसोबत हे दोन्ही घेतो, बिल बाराशेवर जातं आणि महाग मेसेजसुद्धा परवडतो. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी म्हटल्यावर तर सांगायलाच नको. कुठे जाहिरात करायची हे ठरवण्याआधी तिथे काय काय पाठवता येईल हे तुमच्या सीएंना विचारून घ्या.

रोजचे दीडशे रुपये चार जाहिरातींत वाटू नका. जाहिरात कुणाला दाखवायची हे यंत्रणेला शिकायला एका जाहिरात-संचावर (एकत्र चालणाऱ्या जाहिरातींच्या गटावर) आठवड्याला सुमारे पन्नास निकाल, म्हणजे आमच्या बाबतीत मेसेज, लागतात असं फेसबुकची कंपनी मेटाच सांगते. दीडशे रुपयांत आठवड्याचे साठेक मेसेज होतात, म्हणजे एकच संच जेमतेम भागतो. आणि रोज उठून काही बदलू नका, मोठा बदल केला की शिकणं पहिल्यापासून सुरू.

गुगलवरही थोडं करून पाहिलं. शोधणारे कमी, पण जो "खान्देशी बिबडे पुणे" असं टाइप करतो तो घेणाराच असतो. दोन गोष्टी आधी बघा. "पापड" हा मोकळा शब्द ठेवला तर पापड मशीन आणि रेसिपी शोधणारेही येतात, ते शब्द वगळण्याच्या यादीत टाका. आणि ठिकाणाच्या पर्यायात मुळात "त्या भागात असलेले किंवा त्यात रस असलेले" असं धरलेलं असतं, ते बदलून फक्त तिथे असलेले करा. गुगलवरची दुकानाची नोंद फुकट आहे, ती तर आजच करा. पैसे भरण्याच्या आधी फोटो आणि ग्राहकांचे अभिप्राय तिथे हवेत.

जाहिरात चालतेय की ऑर्डर तशाही आल्या असत्या, हे ओळखायचं कसं? ईबे या ऑनलाइन विक्रीच्या कंपनीने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं. काही भागांत गुगलवरच्या जाहिराती बंद केल्या आणि विक्रीत काय होतं ते बघितलं. २०१५ साली तो अभ्यास इकॉनोमेट्रिका या नियतकालिकात छापून आला. ईबेचं नाव टाइप करणारा माणूस जाहिरात नसली तरी शोधात खाली दिसणाऱ्या फुकट दुव्यावरून येतच होता. जाहिरातीने फरक पडला तो नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांत. हे वाचल्यावर आमच्या अमळनेर आणि सुरतेचा उलगडा झाला. इथे आम्हाला सगळे ओळखतात, तिथे कुणीच नाही.

म्हणून भाद्रपदात आम्हीही सुरतेची जाहिरात बंद ठेवली आणि पिंपरीची चालू. सुरतेच्या नव्या ऑर्डरी जवळजवळ थांबल्या, पण जुन्या ग्राहकांच्या आणि त्यांच्या ओळखीच्यांच्या येतच राहिल्या. त्यावरून कळलं की तिथे बारा महिने पैसे ओतायची गरज नाही. अजून एक गोष्ट लक्षात आली: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपासची जाहिरात कमी चालते. लेकी माहेरी आलेल्या असतात आणि जाताना पिशवी भरूनच नेतात. तो डबा श्रावणात संपतो. तिथून दिवाळीपर्यंतचा काळ आमच्यासाठी खरा.

एजन्सीबद्दल विचारणारे बरेच आहेत. आमच्या नात्यातल्या एका ठिबक सिंचनाच्या दुकानदाराने एका एजन्सीला महिन्याच्या पॅकेजवर काम दिलं होतं. दर महिन्याला "इतक्या लोकांपर्यंत पोचलो" असा रंगीत कागद येई, पण दुकानात कोण आलं ते त्यात नसे. त्याने काम थांबवलं तेव्हा जाहिरात-खातं एजन्सीच्याच नावावर निघालं आणि ज्यांनी मेसेज केले त्यांची माहितीही तिकडेच राहिली. एजन्सी जरूर ठेवा, पण पेज, खातं आणि नंबर स्वतःच्या नावावर असू द्या आणि त्यांना फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या.

माझा अनुभव सगळ्यांना लागू होईल असं नाही. मंगल कार्यालय, नवी शिकवणी, गावात नव्याने आलेला दंतवैद्य यांना जवळचाच ग्राहक हवा असतो, त्यांना गावाभोवतीचं वर्तुळ उपयोगी पडू शकतं. पण किराणा, पिठाची गिरणी, शिंप्याचं दुकान, जिथे गिऱ्हाईक रोज समोरून जातं, तिथे मी आधी पाटी नीट करायला सांगेन.

यंदाची आमची आखणी अशी: श्रावण ते दिवाळी सुरत आणि पिंपरी, रोज प्रत्येकी दीडशे. त्याशिवाय नाशिकचा सातपूर-अंबड भाग नव्याने. तिथेही खान्देशी भरपूर, आणि पीठ-मसाला पाठवायला राज्याची आडकाठी नाही. मात्र त्यासाठी दादर जास्त घ्यावी लागेल आणि लाटायला अजून तीन-चार बायका. त्या मिळाल्या तरच नाशिकची जाहिरात सुरू करणार, कारण माल नसताना आलेल्या मेसेजचेही एकोणीस रुपये जातातच.