गणिताचा शनिवारचा वर्ग आणि फी-सवलतीचा अर्ज : आमचा अनुभव

मी बडोद्यात दांडिया बाजारात पोळी-भाजीचे डबे देते. लेक आठवीत, गणितात वर्गाच्या पुढे धावणारी. तिच्या बाईंनी एक ऑनलाइन गणित वर्ग सुचवला. फी 18,000 रुपये, आमच्या आवाक्याबाहेरची. पण निवड झाली तर उत्पन्न पाहून सवलत देतात. यजमान कचरत होते. मी म्हटलं, मागायला लाज कसली? याच बडोदा संस्थानानं 1913 मध्ये बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडलं.

अर्जानं मात्र रडवलं. पगाराची स्लिप जोडल्याशिवाय पान पुढेच सरकेना. डबे देणाऱ्या बाईनं स्लिप कुठून आणायची? शेवटी मामलतदार कचेरीतला उत्पन्नाचा दाखला मेलवर पाठवला, तीनदा फोन केले. बावीस दिवसांनी तीन-चतुर्थांश फी माफ झाली, उरलेले 4,500 हप्त्यांनी. हा रकाना त्यांनी सुधारायलाच हवा, कितीतरी घरं तिथेच माघार घेत असतील.

शिकवणं अप्रतिम. पहिल्याच शनिवारी प्रश्न : बुद्धिबळाच्या पटावर एकूण चौरस किती? सगळी म्हणाली 64. लेकीनं माझ्या हिशेबाच्या वहीमागे पट आखला, लहान-मोठे सगळे मोजत बसली. रात्री मी कणीक मळत होते तेव्हा ओरडत आली, "आई, 204!" त्या पानावर माझ्या पिठाच्या बोटांचे ठसे आहेत.

मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीत असेल, तर एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षाही द्यायला लावा. पास होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये मिळतात, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. दाखला आधीच काढून ठेवा.