इस्लाम आणि राजकारणावरचा ऑनलाइन कोर्स: इजिप्तसाठी तरी कराच

मी संभाजीनगरला ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत एका परदेशी विद्यापीठाचा, आधुनिक मुस्लिम देशांमधला धर्म आणि राज्यसत्ता यावरचा कोर्स केला. या विषयावरची बरीचशी व्याख्यानं सातव्या शतकात सुरू होतात आणि थेट दहशतवादावर येऊन थांबतात. इथे सुरुवातच इमामांच्या पगारापासून आहे, आणि तिथेच मला कोर्स आवडला.

तुर्कस्तानात ३ मार्च १९२४ ला खिलाफत बरखास्त झाली, एवढं आपण वर्गात सांगतोच. त्याच दिवशी दियानेत हे धर्मव्यवहाराचं सरकारी खातंही कायद्यानं उभं राहिलं, हे कुठे सांगतो? इमाम सरकारी नोकर झाला. मग धर्म राज्यापासून वेगळा झाला, की राज्याच्या हाताखाली आला?

सगळ्यात सरस भाग इजिप्तचा. १९८० च्या घटनादुरुस्तीनं शरियतची तत्त्वं हा कायद्याचा प्रमुख स्रोत ठरला. वाटतं, आता मौलवींचंच राज्य. पण अर्थ लावायचं काम गेलं सर्वोच्च घटना न्यायालयाकडे. शाळेत चेहरा झाकायला शिक्षणमंत्र्यांनी केलेली बंदी १९९६ मध्ये या न्यायालयानं उचलून धरली, आणि तीही शरियतचाच आधार देऊन: जिथे धर्माज्ञा निर्विवाद नाही तिथे राज्यकर्त्याला निर्णयाची मोकळीक आहे. प्राध्यापकबाईंनी हे निकालपत्र अक्षरशः उलगडून दाखवलंय. हिजाबवरच्या आपल्याकडच्या टीव्ही चर्चांनी विटलेल्यांनी एवढं एक व्याख्यान तरी ऐकावं.

इराण ठीक. संसदेचे कायदे आणि निवडणुकीतले उमेदवार तपासणाऱ्या पालक मंडळाचे बारा सदस्य कसे नेमले जातात याचा तक्ता परीक्षेपुरता उपयोगी. पाकिस्तानवर मात्र माझा राग आहे. घटनेची दिशा ठरवणारा १९४९ चा उद्दिष्टांचा ठराव घाईत उरकलाय, आणि जमात-ए-इस्लामीचे संस्थापक मौदुदी यांच्या वाट्याला जेमतेम एक स्लाइड. ते १९०३ मध्ये इथेच, तेव्हाच्या औरंगाबादेत जन्मले, म्हणून मी जरा जास्तच कान टवकारून बसले होते! इंडोनेशिया शेवटी कसाबसा कोंबलाय. एवढा मोठा मुस्लिम देश, आणि पंचशिलावर, म्हणजे तिथल्या राज्याच्या पाच मूलतत्त्वांवर, चार वाक्यं.

सबटायटलमध्ये अरबी नावांची पार वाट लागलेली आहे. चर्चेच्या पानावर कुणी फिरकत नाही. ऐकायला पैसे लागत नाहीत. सर्टिफिकेटची फी मी भरली नाही, बढतीसाठी हवं असेल तर तुम्ही भरा. व्याख्यानांची लेखी प्रत मात्र लगेच उतरवून घ्या, मुदत संपली की पान उघडत नाही.