मिस मार्वल व्हॉल्यूम १ : घरचा भाग झकास, व्हिलनच्या नावाने बोंब

'मिस मार्वल'चा पहिला व्हॉल्यूम, 'नो नॉर्मल', वाचून संपवला एकदाचा. २०१४ चं पुस्तक आहे, २०१५ ला ह्यूगो अवॉर्डपण (सायन्स फिक्शन-फँटसीचं मोठं बक्षीस) मिळालंय बेस्ट ग्राफिक स्टोरीचं, त्यामुळे "वाचलं नाहीस अजून?" म्हणणारे खूप भेटतात. माझं मत जरा तिरकं आहे. सुपरहिरो कॉमिक म्हणून काठावर पास, पण सोळा वर्षांच्या पोरीच्या घरातली गोष्ट म्हणून डिस्टिंक्शन.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कमला खान, न्यू जर्सीतलं जर्सी सिटी, आईवडील पाकिस्तानातून आलेले, ही मात्र अमेरिकेत वाढलेली आणि अव्हेंजर्सवर फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्यांनी स्वतः रचलेल्या गोष्टी, लिहिणारी. रात्री घरच्यांना न सांगता पार्टीला जाते, तिथे पोरं टिंगल करतात, वैतागून निघते तर रस्त्यात विचित्र धुकं पसरतं आणि तिला पॉवर्स येतात. अंग पाहिजे तेवढं मोठं-लहान करायचं, दुसऱ्याचं रूप घ्यायचं. ते धुकं कुठून आलं, इनह्युमन म्हणजे कोण, ही मार्वलची मागची भानगड माहीत नसली तरी काही अडत नाही.

धुक्यातला सीन मात्र नीट बघा. कमलाच्या समोर कॅप्टन मार्वल, आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका अगदी देवादिकांच्या चित्रात असतात तसे प्रकटतात आणि कॅप्टन मार्वल चक्क सूफी कवी अमीर खुस्रोचं सरसों (मोहरी) फुलल्याचं काव्य म्हणायला लागते!! मी ते पान परत मागे जाऊन बघितलं. म्हणजे या पोरीच्या डोक्यात घरचं ऐकलेलं आणि टीव्हीवर पाहिलेलं सगळं एकत्रच आहे, हे लेखिकेने एका पानात दाखवलंय, कुठेही लेक्चर न देता.

मग ती मागते काय तर कॅप्टन मार्वलसारखं व्हायचंय. आणि होते. गोरी, सोनेरी केसांची, कॅप्टन मार्वलचा तो जुना काळा स्विमसूटसारखा कॉस्च्यूम घातलेली. आता खरं तर स्वप्न पूर्ण झालं ना, पण केस तोंडावर येतायत, बूट चावतायत, कॉस्च्यूम नको तिथे रुततोय, आणि त्याच अवस्थेत जिने अपमान केला त्या झोईला पाण्यातून भलामोठा हात करून बाहेर काढते. तेव्हा तिला वडिलांनी सांगितलेली कुराणातली आयत आठवते, एकाला वाचवलं म्हणजे सगळ्या मानवजातीला वाचवलं. या व्हॉल्यूममधला हा सगळ्यात भारी भाग, माझ्या मते. पुढे तिला गोळी लागते आणि स्वतःच्या मूळ रूपात आल्यावरच जखम भरते, म्हणजे मुद्दा तोंडाने न सांगता पॉवरच्या नियमातच बसवलाय. हे सुचायला डोकं लागतं राव.

घरचे लोक तर क्लासच. अम्मीचा आरडाओरडा, अब्बूंचं आधी रागावणं आणि मग शेजारी बसून समजावणं, दोन्ही खरं वाटतं. मशिदीतल्या लेक्चरला मुली पडद्यामागे बसलेल्या असतात आणि कमला सरळ शेखना (तिथल्या धर्मगुरूंना) प्रश्न विचारते, मग मैत्रीण नाकियाबरोबर सटकते. नाकिया हिजाब घालते आणि तिच्या वडिलांनाच ते पसंत नाही, ही गंमत झोईच्या भोचक चौकशीत बाहेर येते. लेखिका जी. विलो विल्सन स्वतः मुस्लिम, एडिटर सना अमानत न्यू जर्सीत वाढलेली पाकिस्तानी-अमेरिकन, ते जाणवतं. धर्म इथे प्रॉब्लेम पण नाही आणि शोपीस पण नाही.

आता रडगाणं. व्हिलन कुठेय?? पाच अंकांचा मसाला आहे यात (शिवाय एक छोटी जादा गोष्ट), आणि इन्व्हेंटर नावाचा जो कोणी मुख्य माणूस आहे तो जवळजवळ शेवटी तोंड दाखवतो. तोपर्यंत कमलाला लढायला काय तर मित्र ब्रूनोचा वाट चुकलेला भाऊ आणि एका घरात लपवलेले रोबो. ते रोबो कोणी बनवले, कशासाठी बनवले, याची उत्सुकताच तयार होत नाही. पाचव्या अंकात प्रॅक्टिस, मग सुटका, सगळं इतकं भरभर उरकलंय की हिशोब पुरा करून टाकायचा होता असं वाटतं. झोई आणि जॉश पण नुसते कटआउट आहेत, गोड बोलून टोचणारी मुलगी आणि तिचा बॉयफ्रेंड, बस्स. भाऊ आमिर, दाढीवाला, धार्मिक, नोकरी नसलेला, त्याच्यावर जेवणाच्या टेबलावर विनोद होतात पण त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते या व्हॉल्यूममध्ये तरी कळत नाही, आणि बाकीचं घर एवढं छान लिहिलंय म्हणून हे जास्त खटकतं.

चित्रं एड्रियन अल्फोनाची, रंग इयन हेरिंगचे. काहींना आवडणार नाहीत, आधीच सांगतो. चकचकीत मसलवाली आर्ट नाहीये, माणसं लांबुळकी, दूरच्या पॅनेलमध्ये चेहरे म्हणजे दोन ठिपके आणि एक रेघ. पण कमलाचा हात अचानक सोफ्याएवढा होतो तेव्हा हीच लवचिक रेघ कामाला येते, दुसऱ्या कुणी एकदम रियलिस्टिक काढलं असतं तर किळसवाणं दिसलं असतं. मागच्या पाट्या, खोकी, भिंतीवरचे कागद पण वाचत चला, सगळीकडे फालतू जोक लपवलेत. ॲक्शनमध्ये मात्र कोण कुठे उभं आहे हे दोनदा शोधावं लागलं. कॉस्च्यूम जेमी मॅकेल्वीने डिझाइन केलाय, कथेत तो तिच्या बुर्किनीतून (अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख) तयार होतो, आणि खरंच सोळा वर्षांची मुलगी घालेल असा दिसतो, जे या धंद्यात दुर्मिळ आहे.

२०२२ ची टीव्ही सिरीज बघून येणाऱ्यांना एक सूचना, तिथल्या पॉवर्स वेगळ्या आहेत, इथे ते चमकणारं जांभळं काही मिळणार नाही.

एकटा हा व्हॉल्यूम घ्यायचा असेल तर लायब्ररीतून आणा, कारण गोष्ट अर्धीच संपते. विकत घेणार असाल तर दुसऱ्यासकट घ्या, त्यात मार्वलचाच दुसरा सुपरहिरो वुल्वरिन येतो आणि इन्व्हेंटरचं प्रकरण पण मार्गी लागतं. फक्त त्यातले पहिले दोन अंक जेकब वायटने काढलेत, तेव्हा चित्रं बदलली म्हणून दचकू नका, अल्फोना नंतर परत येतो.