मलब्याचे पेव्हर ब्लॉक: एक पावसाळा काढल्यानंतर

गेल्या मे महिन्यात इंदूरला, लोकमान्य नगरातल्या आमच्या अंगणात पाडकामाच्या मलब्यापासून केलेले पेव्हर ब्लॉक बसवले, ६० मिलिमीटर जाडीचे. रोज दोन स्कूटर आणि एक गाडी त्यांवरून जाते. दहा महिन्यांत एकही ब्लॉक मधोमध तडकला नाही. कोपरे मात्र उडालेत, फाटकाजवळच्या सात ब्लॉकचे. एका कोपऱ्यातून पांढरी टाइल डोकावते, कुणाच्या तरी न्हाणीघरातली असावी. आई म्हणते, "ओळखदेख नसताना लोकांच्या घरात पाय ठेवतोय आपण."

खरा निकाल पावसाळ्यात लागला. पन्हाळीखालची ओळ श्रावणात शेवाळली, बाबा पडता पडता वाचले. शेजारच्या काकूंचे साध्या गिट्टीचे ब्लॉक उघडीप मिळाली की दोन दिवसांत वाळायचे, आमचे चौथ्या दिवशीही ओलसर. शेवटी दोन्हीकडचा एकेक उरलेला ब्लॉक आठवडाभर उन्हात ठेवला, मग चोवीस तास बादलीत बुडवून तोलला. काकूंचा २.७५ किलोचा २.८८ झाला, आमचा २.६० चा २.८०. म्हणजे साडेसात टक्क्यांवर पाणी प्यायला! पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकात, आयएस १५६५८ मध्ये, सरासरी मर्यादा ६ टक्के आहे. प्रयोगशाळेत भट्टीत वाळवून मोजतात, माझा काटा स्वयंपाकघरातला. पण फरक नुसत्या डोळ्यांनाही दिसत होता. फोडलेल्या काँक्रीटच्या गिट्टीला जुना सिमेंट-वाळूचा मसाला चिकटून राहतो. तो सच्छिद्र, तोच पाणी ओढतो.

विकणाऱ्यानं "जुन्या सिमेंटचंच नवं सिमेंट" म्हणून गळ्यात मारले. शुद्ध थाप. यात जुन्या काँक्रीटची फक्त गिट्टी होते, सिमेंट नवंच पडतं. जुन्याचं पुन्हा सिमेंट करायचं तर ते भट्टीत जायला हवं. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये तसा मार्ग मांडला: भंगार पोलाद वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीत, मळ वेगळा काढायला टाकतात त्या चुन्याऐवजी जुनं सिमेंट घालायचं आणि वर तरंगणारी धातुमळी (स्लॅग) झटपट थंड करून दळायची. चुनखडी नव्यानं भाजावी लागत नाही, त्यामुळे तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइडही टळतो. आमच्या अंगणात यातलं काही नाही.

मिस्त्री म्हणाला, हीच गिट्टी वरच्या स्लॅबला घेऊ, स्वस्त पडेल. नको म्हटलं. काँक्रीटच्या गिट्टीचं मानक, आयएस ३८३, सळईच्या काँक्रीटमध्ये ती २० टक्क्यांपर्यंतच घेऊ देतं, तेही एम-२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंत, आणि याच्या घमेल्यात टक्के मोजणार कोण?

अंगणासाठी मात्र तक्रार नाही. खरबरीत असल्यानं रांगोळी छान धरते. पन्हाळीखालची ओळ तेवढी काढून तिथे कोटा फरशी टाकलीय.